खाट क्रमांक सात उपचाराखाली

पौडच्या निराधार वृद्ध निवासात चौदा खाटा होत्या आणि चौदाही खाटा आजारी होत्या. माणसांबद्दल आम्ही बोलत नाही. माणसं येत, राहत आणि जात. आजार मात्र खाटेला कायमचा जडलेला होता, आणि तो कसा जडला हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढं जाण्यात अर्थ नाही.

निवास उघडला त्या साली, म्हणजे सत्तावन्न सालात, प्रत्येकाच्या उशाशी औषधाचा कागद लावलेला असे. मग आषाढ आला. मुळशीचा आषाढ ज्यानं पाहिला नाही, त्यानंच कागदावर भरवसा ठेवावा. आठ दिवसांत शाई ओघळली, पंधरा दिवसांत कागदांना बुरशी आली आणि महिन्याच्या आत उरलंसुरलं उंदरांनी संपवलं. उंदरांना गुण आला की नाही याची नोंद नाही. व्यवस्थापक हैबतराव यांनी हा विषय समितीपुढे गंभीरपणे मांडला आणि समितीनं त्याहून गंभीरपणे ठराव केला, की यापुढे औषधं पत्र्याच्या पाटीवर ऑइल पेंटनं लिहावीत आणि पाटी खाटेच्या पायथ्याला तारेनं बांधावी. माणूस आज आहे, उद्या नाही, तेव्हा पाटीवर माणसाचं नाव घालून रंग वाया घालवू नये. खाटेचा क्रमांक पुरे.

काम मिळालं भैरू पेंटरला. भैरू बैलगाड्या रंगवायचा, आणि गाडी असो की औषध, कोपऱ्यात राघू काढल्याशिवाय त्याचा हात थांबत नसे. त्यामुळे चौदाही पाट्या मोठ्या देखण्या झाल्या. पाहुणे आले की हैबतराव आधी पाट्या दाखवत आणि मग वेळ उरला तर म्हातारे.

पाटीबाबत नियम दोनच होते. पहिला, रंग पुरता वाळल्याशिवाय औषध लागू होत नाही. दुसरा, पाटीत भर घालता येते, खोडता येत नाही. ऑइल पेंट खोडायचा म्हणजे पत्रा खरवडायचा, आणि सरकारमान्य संस्थेचा पत्रा खरवडणाऱ्याचं पुढं काय होतं, हे हैबतराव कुणालाही सांगायला तयार असत. महिन्यातून एकदा पुण्याहून येष्टीनं डॉक्टर येत. दर दीड-दोन वर्षांनी ते बदलत. नवा डॉक्टर पाटी वाचे, मान हलवे, आधीच्यानं लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असेल असं म्हणे, आपलं एक औषध खाली वाढवी आणि परतीची येष्टी गाठे.

ही औषधं तयार करून पाजायचं काम गनीभाई कंपाउंडरचं. पन्नाशीचा, सरळ मनाचा माणूस. पुण्यातल्या एका दवाखान्यात बारा वर्षं काढलेली, त्यामुळे बाटलीवरची डोसाची कागदी पट्टी कातरावी तर गनीभाईंनीच. सकाळचे डोस द्यायचे, दुपारी बाजारपेठेतल्या घरी जाऊन भाकरी खायची, म्हाताऱ्या आईला, रहिमतबीला, तिचं चमचाभर औषध द्यायचं आणि पुन्हा निवासात यायचं, हा त्यांचा नेम. रहिमतबी एके काळी पौडच्या बाजारात बांगड्या भरायची आणि तिच्या तोंडाला सगळी पेठ दबून असायची. आता ती बसल्या जागी पेंगायची. वय झालं होतं तिचं.

तर खाट क्रमांक सात. या खाटेवर आधी गेणबा नावाचा म्हातारा होता. हयातभर त्यानं जंगलखात्यात रखवालदारी केलेली. रात्री दोन वाजता उठून काठी आपटत "कोन हाय रं तितं?" असं ओरडायची सवय त्याला नोकरीनं लावली होती, आणि नोकरी सुटली तरी सवय सुटली नव्हती. हैबतरावांची झोपमोड होऊ लागली, म्हणून पहिल्या डॉक्टरांनी गेणबाला झोपेचं मिक्श्चर लिहिलं. गेणबा रात्रीही झोपला आणि दिवसाही. दिवसा झोपतो म्हणजे अशक्तपणा, म्हणून दुसऱ्यांनी लोहाचं टॉनिक वाढवलं. टॉनिकानं पोट बांधलं, म्हणून एरंडेल आलं. एरंडेलानं पाय लटपटू लागले, म्हणून चक्करेची गोळी आली. असं करत करत एका सकाळी गेणबा वारला. चारही औषधं वेळेवर चालू असताना वारला, त्यामुळे कुणालाच बोल लावता आला नाही.

पुढच्याच आषाढात त्या खाटेवर भुकूमची गोजराबाई आली.

गोजराबाई सुईण. पासष्टीची, काटक आणि तोंडानं फटकळ. तिला रोग म्हणून कसलाच नव्हता. पावसानं घराची भिंत बसली होती, एवढंच. तिची भाची जया आणि जयाचा नवरा भिवाजी, दोघं गोठ्यातल्या कोपऱ्यात दिवस काढत होते. तिथं तिसऱ्याला पाय पसरायला जागा नव्हती. दिवाळीनंतर भिंत उभी करतो आणि आत्याला नेतो, असं भिवाजीनं कबूल केलं होतं. चार महिन्यांचा तर प्रश्न. जया पोटुशी होती. दोन वर्षांमागं तिचं पहिलं बाळ आडवं आलं आणि गेलं. त्या दिवशी गोजराबाई दुसऱ्या गावी दुसऱ्याच बाईपाशी अडकली होती. आईविना वाढलेल्या पोरीला आपण लहानाचं मोठं केलं आणि तिच्याच वेळेला आपले हात नव्हते, हे म्हातारीच्या काळजात रुतून बसलं होतं. "पौषात दिस भरत्यात तिचं," आल्या आल्या तिनं गनीभाईंना बजावलं, "तवर मला हितनं सोडा म्हंजे झालं. दुसरं काय मागनं न्हाई माझं."

गनीभाईंनी पहिला डोस पुढं केला.

"ह्ये काय?"

"औषध."

"मला काय झालंय?"

गनीभाईंनी पाटीकडं पाहिलं. मग खरं तेच बोलले, "तुम्हाला नाही, गोजराबाई. खाटेला झालंय."

"रोग रेड्याला अन् औशीद पखालीला!" म्हातारी खदखदून हसली. "आरं, खाटंला झालंय तर खाटंला पाज की!"

हे वाक्य गनीभाईंनी लक्षात ठेवलं. पण त्या दिवशी ते हैबतरावांकडं गेले. म्हणाले, "साहेब, ती पाटी गेणबाची आहे."

"पाटीवर गेणबाचं नाव आहे?"

"नाही."

"काय आहे?"

"खाट क्रमांक सात."

"मग खाट बदलली का?" हैबतरावांनी चष्मा काढला. "गनीभाई, माणसागणिक औषध बदलायला लागलो तर ही संस्था चालेल कशी? आपल्याकडं एकही म्हातारा बिनऔषधाचा नाही, हे मी दर सभेत सांगतो. ते खोटं पाडता?"

गनीभाईंना कुणालाच खोटं पाडायचं नव्हतं. त्यांनी डोस दिला. कपाळ त्यांचं आणि आमचं.

श्रावणात गोजराबाईचं बोलणं जड झालं. भाद्रपदात गौरी आल्या आणि गेल्या, तिला पत्ता नाही. दसऱ्याच्या सुमाराला नव्या डॉक्टरांनी तिच्याकडं नव्हे, पाटीकडं पाहिलं, म्हातारी जेवत नाही असं कळल्यावर तोंडाला चव आणणारं कडू औषध वाढवलं आणि भैरूनं ते हिरव्या रंगात लिहून बाजूला एक कमळ काढलं. रंग तीन दिवसांत वाळला. शेजारच्या आठ नंबरची धोंडाबाई जागी असे तेव्हा म्हणे, "पहिली लई बोलायची वो ही. वय झालं आता." निवासात सगळ्यांचंच वय फार लवकर होत असे.

भाऊबीजेला जया आली. सातवा महिना, भुकूमपासून बैलगाडीनं हिसके खात आलेली, पदराखाली करंज्यांचा डबा. "आत्या," ती खाटेशी वाकली. गोजराबाईनं डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले. जयानं तिचा हात उचलला आणि आपल्या पोटावर ठेवला. साऱ्या पंचक्रोशीत तो हात प्रसिद्ध होता. नुसता पोटावर ठेवून बाळाचं डोकं कुठं आहे ते सांगायचा. तो हात तिथं क्षणभर राहिला आणि खाली घसरला. जयानं पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला.

"गनीकाका," ती रडतच म्हणाली, "मला भ्या वाटतंय. हिला काय केलंसा तुमी?"

गनीभाईंना वाटलं, धरणी दुभंगावी आणि औषधाच्या कपाटासकट आपल्याला पोटात घ्यावं. धरणी दुभंगली नाही. त्यांनी करंज्यांचा डबा घेऊन फळीवर ठेवला.

कार्तिकात भिंत उभी राहिली आणि भिवाजी आत्याला न्यायला आला. हैबतरावांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि नियम दिला. उपचाराखाली असलेल्या व्यक्तीला निवासातून सोडता येत नाही.

"मग उपचार बंद करा की," भिवाजी म्हणाला.

"ज्यांनी सुरू केले तेच बंद करू शकतात."

सुरू करणारे डॉक्टर निवृत्त होऊन कोकणात गेले होते. त्यांना पत्र टाकलं. उत्तर आलं की निवृत्त माणसाला औषध सुरू करण्याचा अधिकार नसतो, मग बंद करण्याचा कुठून असणार? महिन्याची फेरी आली तेव्हा गनीभाईंनी नव्या डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर पाटीकडं पाहत म्हणाले, "हे पहा, चार औषधं माझ्या आधीची आहेत. ती कशासाठी दिली मला माहीत नाही. जे कशासाठी दिलं हेच माहीत नाही, ते बंद कसं करायचं? धोका आहे. फार तर मी सहावं सुरू करू शकतो."

"आणि तुमचं पाचवं?"

"ते चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले.

शेवटी भिवाजीनं टोपी काढून हैबतरावांच्या टेबलावर ठेवली. "सायेब, बंद करायचा अर्ज द्या. मी अंगठा करतो." हैबतरावांनी खण उघडून छापील कागद काढले. नमुना 'अ' म्हणजे औषध सुरू करणे. नमुना 'आ' म्हणजे औषध वाढवणे. नमुना 'इ' म्हणजे रुग्ण मयत. "बंद होण्याची नोंद 'इ'मध्ये होते," ते सहानुभूतीनं म्हणाले. "भरायचाय का?"

भिवाजीनं टोपी उचलली. "मला कागद नगं, आत्या हवी," एवढंच म्हणाला आणि गाडी रिकामी घेऊन गेला. पौष दीड महिन्यावर आला होता.

त्या रात्री गनीभाईंना झोप आली नाही, आणि सकाळी त्यांना ते आषाढातलं वाक्य आठवलं. खाटंला झालंय तर खाटंला पाज की!

त्यांनी गोजराबाईचं अंथरूण खाटेवरून काढलं आणि खाली जमिनीवर घोंगडी घालून तिला तिच्यावर निजवलं. म्हातारी जन्मभर जमिनीवरच झोपलेली, झोपेतच सुखावली. मग गनीभाईंनी डोस मोजला. असली औषधं एकदम तोडू नयेत, हे बारा वर्षांच्या दवाखान्यानं शिकवलं होतं. म्हणून पहिल्या आठवड्यात निम्मा डोस म्हातारीला, निम्मा खाटेला. दुसऱ्या आठवड्यात पाव म्हातारीला, पाऊण खाटेला. तिसऱ्या आठवड्यापासून सगळंच खाटेला. मिक्श्चर सुंभावर, एरंडेल पायांच्या सांध्यांत, गोळ्या कुटून फटींमध्ये. खाटेची करकर एरंडेलानं थांबली आणि तिच्यातले ढेकूण असे सुस्तावले की बोटानं ढकलले तरी हलेनात.

हैबतरावांनी हे एकदा पाहिलं.

"गनीभाई! काय चाललंय?"

"डोस देतोय, साहेब. खाट क्रमांक सात."

"खाटेला?"

"पाटीवर तसंच आहे."

हैबतराव जवळ आले. त्यांनी पाटी वाचली. राघू पाहिले. पुन्हा पाटी वाचली. ठराव त्यांनी स्वतः लिहिला होता आणि त्यात एकाही माणसाचा उल्लेख नव्हता. "वेळेवर द्या म्हणजे झालं," ते म्हणाले आणि गेले. नियमाला नियमानंच धरला की हैबतराव शेळीसारखे गरीब होत.

मार्गशीर्ष संपता संपता एका पहाटे गोजराबाई उठून बसली. इकडंतिकडं पाहिलं. "कोंबडं आरवलं न्हाई व्हय आज?" म्हणाली. मग एकदम बोटं मोजू लागली. मोजताना चुकली, पुन्हा मोजली आणि किंचाळली, "गनीभाऊ! जयाला कितवा लागलाय?"

"नववा."

"आन् मी हितं लोळतीया?" ती उभी राहायला गेली आणि पडली. पुन्हा उठली. त्या दिवशी ती भिंत धरून दारापर्यंत गेली, चौथ्या दिवशी भिंत न धरता ओट्यापर्यंत, आणि आठव्या दिवशी हैबतरावांच्या टेबलापर्यंत जाऊन तिनं विचारलं, "मला सोडतोस का न्हाई?"

हैबतरावांनी तिच्याकडं पाहिलं, दालनात डोकावून जमिनीकडं पाहिलं आणि त्यांना सगळं कायदेशीर दिसलं. "जमिनीला पाटी नाही," ते म्हणाले. "पाटी नाही म्हणजे उपचार नाहीत. आपण जाऊ शकता. खाट मात्र जाऊ शकत नाही."

"मला काय करायचीय रं तुजी खाट? तुलाच घे, अन् चांगला नीज तिच्यावर!" गोजराबाई म्हणाली आणि भिवाजीच्या गाडीत बसली.

पौषात एका सकाळी भिवाजी गूळ-खोबरं घेऊन आला. ते त्यानं गनीभाईंच्या हातात ठेवलं. "आडवंच आलं हुतं, काका. ह्या टायमालाबी आडवंच. आत्यानं हातानं फिरवलं. पोरगी हाय. दोगीबी बऱ्या हायेत." गनीभाईंनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि कपाटाकडं तोंड करून बराच वेळ बाटल्या पुसल्या.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण संस्था चालू असताना गोष्टी संपत नाहीत.

माघात तपासणीला जिल्ह्याहून निरीक्षक आले. त्यांनी ओट्यावर बसून कांदाभजी खाल्ली आणि वही मागवली. वही फार महत्त्वाची असते, कारण ती बसल्या जागी वाचता येते. खाट क्रमांक सातच्या पानाशी ते थांबले. तीन महिन्यांत रात्रीचा आरडाओरडा निरंक. पडणे-झडणे निरंक. पोटाच्या तक्रारी निरंक. औषध नाकारणे निरंक.

"वा!" निरीक्षक म्हणाले. "इतका आदर्श रुग्ण मी जिल्ह्यात पाहिला नाही. कुठं आहे?"

"आत आहे, साहेब. जागेवरच आहे," हैबतराव म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

"झोपलाय?"

"हालचाल नाही."

"राहू द्या, उठवू नका," निरीक्षक हळुवारपणे म्हणाले आणि त्यांनी शेरा लिहिला, की खाट क्रमांक सातवरील उपचारांना आलेलं यश पाहता तीच पाटी उरलेल्या तेराही खाटांवर उतरवावी.

भैरू पेंटर डबे घेऊन आला. खाटांच्या जुन्या पाट्यांवर जागा होतीच. नव्हती तिथं दुसरा पत्रा जोडला. शिमग्यापर्यंत सगळे रंग वाळले. गनीभाईंनी दालनाच्या मधोमध उभं राहून चौदाही पाट्या वाचल्या. एका म्हातारीला सोडवलं, आणि त्याच युक्तीनं तेरा जणांच्या उरावर पाच-पाच औषधं आणून बसवली. आगीतून काढलं ते एकीला, फुफाट्यात घातलं ते साऱ्यांना.

मग त्यांनी तेरा घोंगड्या मागवल्या.

पुढचं तुम्हाला दिसलंच असेल. चैत्र संपेतो चौदा खाटा औषध पीत होत्या आणि म्हातारे हळूहळू जमिनीवर जागे होत होते. धोंडाबाईला पहाटे ओव्या आठवू लागल्या आणि त्या ती साऱ्यांना ऐकवू लागली. कुणी ठेचा मागितला. कुणी तंबाखू मागितली. दोघांचं बांधावरून कडाक्याचं भांडण झालं; बांध वीस वर्षांमागंच विकलेला होता, पण भांडण शाबूत होतं. तिघांनी घरी पत्रं धाडायला लावली. तिघांपैकी दोघांच्या घरून उत्तर आलं, की आमचे आजोबा एवढं बोलतात म्हणजे त्यांचं औषध कमी पडत असावं, कृपया वाढवावं.

हैबतरावांनी अहवाल धाडला, की खाटांची प्रकृती उत्तम, तथापि जमिनीस अस्वस्थता आहे. वरून उलट टपालानं हुकूम आला, की जमिनीस तातडीनं उपचार सुरू करावेत.

भैरूनं दालनाच्या उंबऱ्याशी मोठी पाटी ठोकली. वर लिहिलं 'जमीन', खाली पाच औषधं, चार कोपऱ्यांना चार राघू. पण तोवर जेठ निम्मा सरला होता आणि डोंगराकडून पाऊस उतरला होता. मुळशीच्या पावसात रंग वाळतो थोडाच? हैबतराव रोज सकाळी पाटीला बोट लावून बघत आणि रोज हिरवं बोट घेऊन परत जात. नियमाप्रमाणं म्हाताऱ्यांना दिवाळीपर्यंत जागं राहण्याची परवानगी मिळाली. गनीभाई कित्येक दिवसांनी मोकळेपणानं हसले. स्वतःविषयी त्यांचं मत बरंच चांगलं झालं होतं.

त्याच दिवसांत, पावसानं जरा उघडीप दिली तेव्हा, गोजराबाई बाजाराला आली ती थेट गनीभाईंच्या घरी. बरोबर जया, जयाच्या काखेत पाच महिन्यांची पोर. दुपारची वेळ. गनीभाई नुकतेच जेवून उठले होते आणि चमचा भरत होते.

"रहिमतबी!" गोजराबाई उंबऱ्यातूनच ओरडली. "आगं, पोरीला मनगट्या भरायच्यात! तुज्याच हातनं भरनार म्हनून आनलीय मी तिला. उठ की!"

रहिमतबीनं डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले. गोजराबाईनं पोर तिच्या मांडीवर ठेवली. तिचा हात उचलून पोरीच्या मनगटावर ठेवला. सगळ्या पेठेच्या लेकीसुनांना बांगडी न फोडता भरणारा तो हात तिथं क्षणभर राहिला आणि खाली घसरला. गोजराबाईनं पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला. जया पुढं आली आणि तिनं आपलं लेकरू उचललं.

गोजराबाईनं गनीभाईंच्या हातातल्या चमच्याकडं पाहिलं. वास घेतला. तो वास तिला ठाऊक होता.

"गनीभाऊ," ती म्हणाली, "हिची पाटी कुटं हाय?"

"पाटी कशाची," गनीभाई म्हणाले. "अब्बा गेले तेव्हा अम्माला झोप येईना. चार रात्री नुसती बसून होती. बघवेना मला. म्हणून मीच आणलं थोडं."

"कवा गेलं तुजं अब्बा?"

"सात वर्षं झाली."

"मग त्या चार राती अजून सरल्या न्हाईत व्हय रं?"

गनीभाईंनी भिंतीकडं पाहिलं. भिंत कोरी होती. घरात पाट्या नसतात. घरात माया असते, आणि तिला रंग वाळायची वाट बघावी लागत नाही. त्यांनी चमच्यातलं निम्मं बाटलीत परत ओतलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा शहाणा कंपाउंडर, दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना जागं करत सुटला आणि सात वर्षं स्वतःच्या आईकडं त्याचं लक्ष जाऊ नये? जाऊ नये खरं. पण रहिमतबी बसल्या जागी पेंगते, तिला रोज चमचाभर औषध देतात आणि वय झालंय तिचं, हे आम्ही तुम्हाला अगदी सुरुवातीलाच सांगितलं होतं. कसलं औषध, असं तुम्हीही विचारलं नाहीत. वाचलंत, मान हलवलीत आणि पुढची येष्टी गाठलीत.